उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाताना: खरं काम आदल्या संध्याकाळचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉप सहा वर्षांचा, आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, इंटेलच्या जोडीला एनव्हीडियाची छोटी चिप, आणि शेजारच्या पार्टिशनवर विंडोज. उबंटू २२.०४ तुम्ही २०२२ पासून वापरताय. त्यावर वडिलांच्या आठवणींचं हस्तलिखित टाइप होतंय, थंडरबर्डमध्ये दहा वर्षांच्या मेल आहेत आणि मुलीचे पायथनचे प्रोजेक्ट आहेत. लिबरऑफिस तुम्ही पीपीएवरून, म्हणजे उबंटूच्या अधिकृत संचाबाहेरच्या पॅकेज-भांडारातून, नवं घेतलंय. ‘२४.०४ उपलब्ध आहे’ ही सूचना आली की तुम्ही ‘आत्ता नको’ दाबता, कारण मित्राच्या मशीनवर अपग्रेडनंतर नुसता काळा पडदा उरला होता. आता विचारताय की अपग्रेड करावं की सगळं पुसून नव्यानं टाकावं, आणि करायचं तर कसं.

अपग्रेड करा. पुसायची गरज नाही. पण आज रात्री जेवण झाल्यावर सहज म्हणून बटण दाबू नका. एक संध्याकाळ तयारीला द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अपग्रेड करा. मी २००८ सालच्या ८.०४ पासून घरची, ओळखीच्यांची, वाचनालयांची आणि दोन शाळांची मशीन सांभाळते आहे. बिघडलेल्या अपग्रेडचं मूळ नव्या आवृत्तीत सापडणं क्वचित. बहुतेक वेळा ते आधीपासून मशीनवर असतं: बाहेरून आणलेलं एखादं पॅकेज, भरलेली डिस्क, हातानं बदललेली एखादी लिंक. अपग्रेड फक्त ते उघडं पाडतं. म्हणून माझ्या उत्तरातला मोठा भाग बटण दाबण्याच्या आधीचाच आहे.

घाई नाही, हे आधी लक्षात घ्या. २२.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिला २०२७ पर्यंत नेहमीची सुरक्षा अपडेट मिळतात. घरगुती वापरासाठी पाच मशीनपर्यंत मोफत असलेलं उबंटू प्रो जोडलं तर ही मुदत २०३२ पर्यंत जाते. २४.०४ ची नेहमीची मुदत २०२९ पर्यंत. तेव्हा हस्तलिखित छापखान्यात द्यायच्या आठवड्यात, मुलीची परीक्षा चालू असताना किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशी अपग्रेड करू नका. मात्र ‘पुढचं आलं की थेट त्यावरच जाऊ’ असंही ठरवू नका. दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून फक्त लगेच पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर जाता येतं. मधली पायरी गाळता येत नाही. जितकं थांबाल तितक्या पायऱ्या एका दमात चढाव्या लागतील.

आणखी एक गोष्ट. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, तरी २२.०४ वाल्यांना ते २४.०४.१ निघेपर्यंत दाखवलं गेलं नाही. ते निघालं २९ ऑगस्ट २०२४ ला. नंतरही अपग्रेड करून देणाऱ्या साधनात दोष सापडला म्हणून काही दिवस ही वाट बंद ठेवावी लागली. काही जण तेव्हा चिडले होते. मला मात्र त्यातून भरवसा वाटला. लोकांची मशीन मोडण्यापेक्षा अपग्रेड थांबवणारी माणसं तिथे बसली आहेत. म्हणून सूचना आपणहून आली की मगच पुढे जा. जबरदस्तीनं पुढे ढकलायचा एक पर्यायही अपग्रेडच्या कमांडला आहे, विकासावस्थेतल्या आवृत्तीसाठीचा. तो पर्याय रोजच्या मशीनवर वापरू नका.

आता पीपीएबद्दल, कारण तुमच्या मशीनवर अडलंच तर बहुधा इथे अडेल. उबंटूच्या भांडारातली पॅकेजं एकमेकांशी जुळवून बांधलेली असतात. अपग्रेड म्हणजे हजार-दीड हजार पॅकेजं जुन्या संचातून उचलून नव्या संचात बसवणं. कोणतं पॅकेज बदलायचं हे ठरतं आवृत्तीच्या आकड्यावरून: नव्या भांडारातला आकडा मोठा असेल तर बदल, नाहीतर आहे ते राहू दे. तुमचंच लिबरऑफिस घ्या. २२.०४ सोबत आलं होतं ७.३. २०२४ पासून त्यांनी आकडे वर्ष आणि महिन्यावरून द्यायला सुरुवात केली, आणि २४.०४ च्या भांडारात आहे २४.२. तुम्ही पीपीएवरून २४.८ घेतलं असेल तर तुमच्याकडचं लिबरऑफिस नव्या उबंटूमधल्यापेक्षा ‘नवं’ ठरतं. ते जागचं हलणार नाही. पण ते बांधलेलं आहे २२.०४ च्या लायब्ररींवर (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते सामायिक भाग), आणि त्या लायब्ररी तर जाणार. इथे हिशेब फसतो आणि ‘अपग्रेडची आकडेमोड करता आली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. लोक समजतात की उबंटू बिघडलं.

अपग्रेडर बाहेरची भांडारं आपणहून बंद करतो हे खरं. पण भांडार बंद केल्यानं तिथून आधी आलेली पॅकेजं माघारी जात नाहीत. ती तशीच बसून राहतात. त्यासाठी पीपीए-पर्ज नावाचं छोटं साधन आहे. ते पीपीए बंद करतं आणि तिथून आलेली पॅकेजं उबंटूच्या मूळ आवृत्तीवर परत आणतं. लिबरऑफिसवर हे चालवा. तुमच्या फाइलींना त्यानं धक्का लागत नाही, फक्त काही दिवस जुनं लिबरऑफिस वापरावं लागेल. बाहेरून काय काय आलंय याची यादी हवी असेल तर ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ या कमांडला ‘थर्डपार्टी’ हा पर्याय जोडून चालवा. यादीत क्रोम किंवा झूमसारखं काही दिसलं तर चिंता नको, ती पॅकेजं बरीचशी स्वयंपूर्ण असतात. चिंता करायची ती मेसा या ग्राफिक्सच्या पॅकेजाची, नव्या पीएचपीची, नव्या पायथनची. ही पॅकेजं इतर पन्नास पॅकेजांच्या मुळाशी असतात.

पायथनवरून मुलीला आज संध्याकाळीच एक गोष्ट विचारा: तिनं सिस्टीमचा पायथन-३ बदलून ३.११ किंवा त्यापुढचा डीफॉल्ट केला आहे का? बऱ्याच शिकवणीच्या व्हिडिओत तसं करायला सांगतात. २२.०४ चा स्वतःचा पायथन ३.१० आहे आणि अपग्रेडर स्वतः पायथनमध्ये लिहिलेला आहे. तो सुरुवातीलाच ही लिंक तपासतो आणि बदललेली दिसली तर पायथन बिघडलाय असं सांगून तिथेच थांबतो. लिंक पुन्हा ३.१० कडे वळवली की काम होतं. तिला हेही सांगा की २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आहे, त्यामुळे तिची जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रोजेक्टसाठी केलेले पायथनचे वेगळे कप्पे) चालणार नाहीत. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पिप-फ्रीझ (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) करून बसवलेल्या पॅकेजांची यादी फाइलमध्ये ठेवू दे. अपग्रेडनंतर नवं एन्व्हायर्नमेंट बनवून तीच यादी बसवायची. शिवाय आता सिस्टीमच्या पायथनमध्ये थेट पिपनं काही बसवू गेलं की ‘हे बाहेरून सांभाळलं जातं’ अशी चूक येते. इंटरनेटवर ती चूक डावलायची युक्ती लगेच सापडेल. ती वापरू नये. सिस्टीम आणि तिचे प्रयोग वेगळे राहावेत म्हणूनच तो अडसर घातलेला आहे.

बॅकअपबद्दल मी थोडी हट्टी आहे. ‘घेतलाय’ असं सांगणाऱ्या दहा जणांपैकी बरेच जण होम फोल्डर उघडून दिसेल ते कॉपी करतात. पण थंडरबर्डच्या मेल, एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) किल्ल्या, ब्राउझर आणि लिबरऑफिसच्या सेटिंग्ज, सगळं ठिपक्यानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की ती दिसतात. तुमचं थंडरबर्ड साध्या डेब पॅकेजचं असेल तर मेल ‘डॉट थंडरबर्ड’ फोल्डरमध्ये आहेत. २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप (स्वतःच्या वेगळ्या डब्यात चालणाऱ्या पॅकेजाचा प्रकार) झालं आहे आणि त्याची जागा होममधल्या स्नॅप फोल्डरच्या आत गेली आहे. पहिल्यांदा उघडताना ते जुनं प्रोफाइल आणतं, पण दहा वर्षांच्या मेल आहेत. थंडरबर्ड बंद करून त्या फोल्डरची वेगळी प्रत ठेवाच.

दुसरी गफलत बाह्य डिस्कची. ती विंडोजच्या एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीची असेल तर फाइलींचे मालक आणि परवानग्या नीट टिकत नाहीत. लेख आणि फोटोंना फरक पडत नाही, एसएसएचच्या किल्ल्यांना पडतो. सोपा उपाय म्हणजे पूर्ण होम फोल्डर टार करून, म्हणजे एकाच फाइलीत गुंडाळून, ती फाइल डिस्कवर ठेवणं. टारच्या आत परवानग्या जशाच्या तशा राहतात. सोबत सिस्टीमच्या सेटिंग्ज असलेल्या इटीसी फोल्डरची प्रत आणि तुम्ही हातानं बसवलेल्या पॅकेजांची यादी घ्या, ती ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ देतं. टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन वापरत असाल तर चांगलंच, पण ते मुळात सिस्टीमची प्रत घेतं, तुमच्या लेखांची नाही.

मग ती डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि हस्तलिखिताची फाइल उघडा. शेवटच्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद वाचा. तो वाचता आला की बॅकअप झाला असं समजा. माझ्या माहितीतल्या एका बाईंनी बॅकअप घेतला होता, पण केबल मध्येच निसटली होती, आणि फाइलींची नावं दिसत असूनही त्यातल्या निम्म्या शून्य बाइटच्या होत्या. नशीब की हे अपग्रेडच्या आधीच कळलं.

त्याच संध्याकाळी २४.०४ ची प्रतिमा उतरवून पेनड्राइव्हवर टाका. ती सहा जीबीच्या आसपास आहे, सोळा जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरून लॅपटॉप सुरू करा, ‘वापरून पाहा’ निवडा, काहीही इन्स्टॉल न करता वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून परत उघडणं तपासा. लॅपटॉपचं नव्या आवृत्तीशी जमतं का ते अर्ध्या तासात कळतं, आणि पुढे काही अडलंच तर हाच पेनड्राइव्ह सोडवायला येतो. तुमच्याबाबतीत मला फारशी धास्ती नाही, त्याचं कारण सांगते. २२.०४ ची डेस्कटॉप आवृत्ती काळानुसार नवे कर्नल (हार्डवेअर हाताळणारा सिस्टीमचा गाभा) घेत गेली: ५.१५ वरून शेवटी ६.८ पर्यंत. २४.०४ ची सुरुवातही ६.८ नेच झाली. टर्मिनलमध्ये ‘युनेम’ कमांडला ‘-आर’ पर्याय जोडून तुमच्या कर्नलचा आकडा पाहा. तो ६.८ असेल तर तुमचं हार्डवेअर २४.०४ च्या सुरुवातीच्या कर्नलवर आधीपासूनच चालतंय.

जागा तपासा. मुख्य पार्टिशनवर मी पंधरा-वीस जीबी मोकळी ठेवते. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असतं, आणि जुन्या कर्नलनी ते भरतं. तिथे जागा नसेल तर अपग्रेडर सुरुवातीलाच नाही म्हणतो. अशा वेळी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ चालवा. जुने कर्नल तेच नीट काढतं. बूट फोल्डरमध्ये जाऊन हातानं फाइली पुसू नका. एका शाळेत एका उत्साही मुलानं तसं केलं होतं. त्यानं जुन्या समजून ज्या फाइली पुसल्या त्यात चालू कर्नलची इनिटआरडी होती, म्हणजे कर्नलला मुख्य डिस्क सापडेपर्यंत हात धरून नेणारी फाइल. पुढच्या वेळी मशीन सुरू झालं आणि मूळ फाइल-सिस्टीम जोडता येत नाही असं सांगून कर्नल पॅनिकवर थांबलं. मुलगा रडवेला झाला होता. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कोणती सिस्टीम चालवायची ते विचारणाऱ्या, मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मागचा कर्नल निवडला, मशीन उठलं, ‘अपडेट-इनिटरामएफएस’नं ती फाइल पुन्हा बनवली आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलं. वीस मिनिटांचं काम. तो मेनू त्याला आधी कुणी दाखवलाच नव्हता. तुम्हीही तो आज एकदा उघडून पाहा: मशीन सुरू होताना एस्केप दाबायचं, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायची.

आता तुमच्या मित्राच्या काळ्या पडद्याबद्दल. एनव्हीडिया असलेल्या मशीनवर त्याची नेहमीची दोन कारणं. एक म्हणजे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून हातानं बसवलेला असतो. कर्नल बदलला की तो जुन्या कर्नलसोबत मागे राहतो. तुमचा तसा असेल तर अपग्रेडच्या आधी त्याच्याच अनइन्स्टॉलरनं काढा आणि ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ या खिडकीतून, ज्याच्यापुढे ‘तपासलेला’ लिहिलंय तो निवडा. दुसरं कारण सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर चढू न देणारी मशीनची सोय. ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर बांधला जात असेल तर त्यावर सही करायला एक किल्ली तयार होते आणि तुम्हाला एक पासवर्ड विचारला जातो. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळ्या रंगाचा एक पडदा येतो. तो काही सेकंदच थांबतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. माणूस तेव्हा चहा आणायला गेलेला असतो, पडदा निघून जातो, किल्ली नोंदवली जात नाही आणि ड्रायव्हर चढत नाही. म्हणून अपग्रेडनंतरचा पहिला रीस्टार्ट मशीनसमोर बसूनच करा आणि तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. एवढं करूनही पडदा काळाच राहिला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. मजकुराचा लॉगिन दिसला तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र अडलंय, आणि तिथूनच ड्रायव्हर पुन्हा बसवता येतो.

विंडोज शेजारी आहे, म्हणून त्याच्या बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची) रिकव्हरी किल्ली आधी शोधून कागदावर उतरवा. बूटच्या साखळीत बदल झाला की विंडोज कधीकधी ती मागतं, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते हे ऐन वेळी आठवत नाही. अपग्रेडनंतर मेनूत विंडोज दिसलं नाही तर ते गेलं असं समजू नका. ग्रब दुसऱ्या सिस्टीम शोधायचं थांबलं असतं, एवढंच. ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ओएस-प्रोबर बंद’ या ओळीपुढे फॉल्स लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवलं की ते परत दिसतं.

ग्नोमची, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपची, एक्स्टेंशन आदल्या रात्रीच सगळी बंद करा. ग्नोम ४२ वरून ४६ वर उडी आहे आणि ४५ पासून एक्स्टेंशन लिहायची पद्धतच बदलली. जुनी जशीच्या तशी चालणार नाहीत, नव्यानं घ्यावी लागतील.

सकाळी चार्जर लावा आणि लावलेलाच ठेवा. आधी २२.०४ च पूर्ण अद्ययावत करा, एकदा रीस्टार्ट करा आणि मगच अपग्रेड सुरू करा. ग्राफिकल सूचनेवरून करा किंवा टर्मिनलमध्ये ‘डू-रिलीज-अपग्रेड’नं करा, दोन्हीमागे यंत्रणा तीच. मी टर्मिनल पसंत करते, कारण काय चाललंय ते दिसतं. सुरुवातीला किती पॅकेजं येणार, किती जाणार, किती उतरवायचंय हे अपग्रेडर सांगतो. जाणाऱ्यांची यादी उघडून वाचा. त्यात ‘उबंटू-डेस्कटॉप’ दिसलं तर तिथेच नाही म्हणा आणि ‘व्हार-लॉग’मधल्या ‘डिस्ट-अपग्रेड’ फोल्डरातली एपीटीची नोंद पाहा. ‘ब्रोकन’ शब्द ज्या ओळींत आहे तिथे अडलेलं पॅकेज नावासकट लिहिलेलं असतं. त्या यादीत नावाच्या शेवटी ‘टी६४’ लागलेल्या बऱ्याच लायब्ररी नव्यानं येताना आणि त्यांच्या जुन्या जोडीदार जाताना दिसतील. त्यानं घाबरू नका. ३२ बिटच्या वेळेचा आकडा २०३८ साली संपतो, त्याची तयारी म्हणून झालेलं ते नामांतर आहे.

माझ्याकडच्या मशीनवर दोन जीबीच्या आगेमागे उतरवावं लागलं. उतरवणं संपेपर्यंत रद्द करता येतं, त्यानंतर नाही. मोबाइलच्या नेटवर असाल तर आधी तेवढा डेटा आहे का पाहा. आणि फोनची यूएसबी केबल हाताशी ठेवा: नव्या कर्नलवर वायफाय रुसलं तरी यूएसबी टेदरिंग बहुधा चालतं.

मध्ये मध्ये तो थांबून विचारेल की अमुक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी टाकू. नुसतं एंटर मारलं तर तुमची राहते. मी आधी डी दाबून फरक पाहते. स्वतः मुद्दाम केलेला बदल ओळखू आला तर माझी फाइल ठेवते, ओळखू आला नाही तर नवी घेते. दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी दुसरी प्रत शेपटीला वेगळं नाव लावून शेजारीच राहते, त्यामुळे या प्रश्नावर घाम फुटायचं कारण नाही. फायरफॉक्ससारख्या स्नॅपपाशी तो बराच वेळ अडकल्यासारखा वाटेल. वाट पाहा. झाकण मिटू नका.

आणि मध्येच वीज गेली तर? तुमच्या लॅपटॉपला बॅटरी आहे, पण सहा वर्षं जुनी आहे म्हणून सांगते. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात डेस्कटॉपचं अपग्रेड चालू होतं, पॅकेजं उलगडली जात होती आणि वीज गेली. यूपीएसनं चार मिनिटं तग धरला. वीज आल्यावर मशीन सुरू केलं तर लॉगिनचा पडदा यायचा आणि लगेच परत जायचा. ग्रंथपाल म्हणाले, ‘ताई, फॉरमॅट मारा.’ मी ग्रबमधून रिकव्हरी मोडमध्ये गेले, रूटचं टर्मिनल घेतलं. तिथे मुख्य डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, म्हणून ती आधी लिहिता येईल अशी पुन्हा जोडली. मग पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीचं ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ सगळ्या पॅकेजांसाठी. अर्धा तास ओळी सरकत राहिल्या आणि दोन पॅकेजांपाशी थांबल्या. ‘एपीटी फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, पुन्हा कॉन्फिगर, शेवटी ‘एपीटी फुल-अपग्रेड’. रीस्टार्ट केल्यावर लॉगिन आला. वाचनालयाची नऊ हजार पुस्तकांची नोंद जशीच्या तशी होती. अर्धवट अपग्रेड ही मधली अवस्था असते. कोणतं पॅकेज कुठवर आलंय हे डीपीकेजीनं लिहून ठेवलेलं असतं आणि तो तिथून पुढे चालू शकतो. घाईनं फॉरमॅट केलं की ती नोंदही जाते.

सगळं पुसून नव्यानं टाकायचा सल्ला मी कुणाला देते? मशीन १८.०४ पासून अपग्रेड होत आलंय, पीपीए सात-आठ आहेत, काय कुठून आलं ते कुणालाच आठवत नाही, अशांना. तुमची सिस्टीम एकाच आवृत्तीवर चार वर्षं नीट चाललेली आहे, पीपीए एक. ती पुसली तर सेटिंग्ज परत लावण्यात तुमचे दोन रविवार जातील.

अपग्रेडनंतर पहिल्या तासात मी एवढं पाहते: ‘सिस्टीमसीटीएल’ला ‘फेल्ड’ पर्याय देऊन कोणती सेवा पडलीय का, आवाज, वायफाय, प्रिंटर, झाकण. थंडरबर्ड उघडून सगळ्यात जुनी मेल. बंद झालेली बाहेरची भांडारं एकेक करून, २४.०४ साठी ती उपलब्ध आहेत याची खात्री करूनच चालू करा. लिबरऑफिसचं पीपीए तर परत लावूच नका, भांडारातलं २४.२ तुमच्या कामाला पुरेल. ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकाच फाइलीतली ॲप) वापरत असाल आणि ती उघडत नसेल तर ‘लिबफ्यूज२टी६४’ बसवा. ऑटोरिमूव्हची यादी वाचून मगच हो म्हणा.

मराठीसाठी वेगळं बसा. तुमची टायपिंगची पद्धत सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या इनपुट सोर्समध्ये असते आणि ती तुमच्या होममधल्या नोंदीत राहते, त्यामुळे बहुधा टिकते. न टिकल्यास आयबस-एम१७एन हे पॅकेज आहे का पाहा. तिथे मराठीच्या इन्स्क्रिप्ट२, फोनेटिक आणि आयट्रान्स अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. तुम्ही कोणती वापरता त्याचा आज रात्रीच फोनवर फोटो काढून ठेवा. नावं इतकी सारखी आहेत की नंतर नेमकी ओळखताना तारांबळ उडते. मग हस्तलिखित उघडा आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधून त्यातला चंद्रकोरीसारखा र नीट उमटतोय का बघा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसू लागले तर फाँट बिघडलेला नाही. लिबरऑफिसमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी लागलेली नाही. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी करा. आधीच टाइप केलेला मजकूर निवडून त्यालाही मराठी भाषा लावा. फाँटमध्ये मराठी वळणं असतील तर अक्षरं लगेच आपल्या रूपात येतात. फाँट तुम्ही स्वतः आणून होममध्ये टाकलेले असतील तर ते जागेवरच असतील. वडिलांच्या पुस्तकाची पानं फाँटच्या फरकानं पुढेमागे सरकली नाहीत ना, हे पाहायला अपग्रेडच्या आधी एक पीडीएफ काढून ठेवा आणि नंतरच्या पीडीएफशी पानांची संख्या ताडून पाहा.

बाह्य डिस्कवरचा बॅकअप महिनाभर पुसू नका. एखादी फाइल नाहीये हे कळायला कधीकधी तीन आठवडे लागतात.